देवी गेल्या, कांजिण्या का राहिल्या?

कोराडीत 'देवी' म्हटलं की आज डोळ्यांसमोर जगदंबेचं मंदिर आणि नवरात्रातली गर्दी येते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी या शब्दाचा दुसरा अर्थही होता, आणि तो ऐकला की माणसं धास्तावत. तुमचा जन्म १९७५ च्या आधीचा असेल तर आपला दंड आणि कोपराखालचा भाग नीट पाहा. तिथे एक-दोन गोल, खळग्यासारखे वण असतील. ती देवीची लस.

या लशीचा आपल्याकडचा इतिहास मुंबईत सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत आली होती. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. ॲनाच्या फोडातला द्रव काढून आणखी मुलांना टोचला गेला आणि दंडावरून दंडावर अशी ती पुण्याला, हैदराबादला, मद्रासला पोहोचली. ही पद्धत आज ऐकून अंगावर काटा येतो, पण तिने काम केलं.

पावणेदोनशे वर्षं मूळ तीच कल्पना चालली. फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते, मग ही का नाही? देवीचा विषाणू डीएनएचा आहे. सुमारे १,८६,००० अक्षरांची ही भलीमोठी पोथी. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका बऱ्याच अंशी दुरुस्त होतात, म्हणून तो फार हळू बदलतो. फ्लूचा आरएनए विषाणू नक्कल करताना सतत चुकतो आणि रूप पालटतो. शिवाय देवीचा विषाणू फक्त माणसातच राहत असे, आणि बरा झालेल्या माणसात तो लपून उरत नसे.

तरी शेवटची लढाई सोपी नव्हती. १९७३ नंतर आरोग्य कर्मचारी चित्राचं कार्ड घेऊन घरोघर फिरले. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत हजार रुपयांपर्यंत गेलं. अडचण अशी की लोक कांजिण्याही दाखवायचे. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर, तळव्यांवरही जास्त आणि सगळे एकाच अवस्थेत. कांजिण्यांचे छाती-पाठीवर जास्त, काही नवे तर काही खपली धरलेले. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडला. त्याला बांगलादेशात लागण झाली होती. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं.

आता तुम्ही विचाराल, कांजिण्यांचा विषाणूही डीएनएचाच ना? हो. पण तो वेगळ्या घराण्यातला. फोड गेले तरी तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. एखाद्या आजोबांच्या नागिणीतून घरातल्या लेकराला कांजिण्या होऊ शकतात. हिपॅटायटिस बी हाही डीएनएवालाच, जेमतेम ३,२०० अक्षरांचा, पण यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. म्हणजे नुसतं डीएनए असून भागत नाही. लपायला जागा नसावी लागते.

आमच्याकडे अजूनही कांजिण्यांना 'माता आली' म्हणतात आणि डॉक्टरकडे आणत नाहीत. लहान मुलांत बहुधा निभावून जातं. घरात गरोदर बाई, नवजात बाळ किंवा स्टिरॉइड घेणारं कुणी असेल तर मात्र पहिल्याच दिवशी फोन करा. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तरी लगेच कळवा. नागिणीचं औषधही पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो.