ऐकणाऱ्यांचा वाटा

विद्युतचुंबकीय वर्णपट शिकवताना आपण फळ्यावर एक लांब पट्टा काढतो. एका टोकाला गॅमा किरण, मध्ये दृश्य प्रकाशाची चिंचोळी फट आणि दुसऱ्या टोकाला रेडिओ लहरी. या शेवटच्या भागाविषयी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. ती अशी की, जगातील देशांनी करार करून तो वाटून घेतला आहे. नभोवाणी, दूरचित्रवाणी, जहाजे, विमाने, उपग्रह, मोबाइल फोन अशा प्रत्येक प्रकारच्या वापराला या वाटपात 'सेवा' म्हणतात आणि प्रत्येक सेवेला वारंवारतांचे पट्टे नेमून दिलेले असतात. या यादीत एक सेवा अशी आहे की, जी कधीही एकही लहर प्रक्षेपित करत नाही. ती केवळ ऐकते. ती सेवा म्हणजे रेडिओ खगोलशास्त्र. बोलणाऱ्यांच्या सभेत या मुक्या सभासदाला जागा कशी मिळाली आणि ती राखण्यासाठी काय करावे लागले, ते या लेखात पाहू.

वाटणी कशासाठी?

पाटाचे पाणी एकाने शेतात घेतले की दुसऱ्यासाठी तेवढे कमी होते. रेडिओ लहरींचे तसे नाही. प्रक्षेपक बंद केला की तो पट्टा पूर्वीइतकाच मोकळा होतो. अडचण येते ती एकाच वारंवारतेवर, एकाच परिसरात, एकाच वेळी दोघे बोलू लागले म्हणजे. मग ग्राहक यंत्रात दोन्ही संदेश मिसळतात. म्हणून वाटणीचे मार्ग चार : वारंवारता वेगळी ठेवणे, जागा वेगळी ठेवणे, वेळ वेगळी ठेवणे किंवा प्रक्षेपणाची शक्ती मर्यादित ठेवणे. आजवरचे बहुतेक करार म्हणजे या चार मार्गांच्या निरनिराळ्या जुळण्या आहेत.

आंतरराष्ट्रीय कराराची पहिली गरज मात्र व्यापारी चढाओढीमुळे भासली. १९०२ साली जर्मन सम्राटाचे बंधू प्रिन्स हाइन्रिश अमेरिकेहून 'डॉइचलांड' जहाजाने परतत होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा बिनतारी संदेश पाठवावा असे त्यांना वाटले. पण जहाजावरील यंत्रणा मार्कोनी कंपनीची नव्हती. म्हणून किनाऱ्यावरील मार्कोनी केंद्राने तो घेण्यास नकार दिला. या प्रकारानंतर १९०३ साली बर्लिनला प्राथमिक परिषद भरली आणि १९०६ साली तेथेच पहिला बिनतारी करार झाला. यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, जहाजाचा संदेश स्वीकारलाच पाहिजे, हे त्यातील प्रमुख तत्त्व होते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत १० किलोहर्ट्झ ते ६० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता कोणत्या सेवेला, याचा पहिला तक्ता तयार झाला. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे हा तक्ता १०,५०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. जगाचे तीन विभाग करण्यात आले आणि भारत तिसऱ्या विभागात आला. या सर्व परिषदांत जमलेले प्रतिनिधी बोलणाऱ्यांचे होते. केवळ ऐकणाऱ्यालाही वाटा लागेल, हे त्यांच्यापैकी कोणासमोर आलेलेच नव्हते.

तक्रारीतून जन्मलेले शास्त्र

खरे पाहता ऐकणाऱ्याचा जन्म बोलणाऱ्यांच्याच घरी झाला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे एक काम सोपवले होते. अटलांटिकपलीकडील बिनतारी दूरध्वनीत खरखर ऐकू येई, तिचे उगम शोधायचे. त्याने २०.५ मेगाहर्ट्झवर चालणारा फिरता अँटेना बांधला. विजांच्या कडकडाटाची खरखर ओळखता आली. पण एक मंद फुसफुस उरली. ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर वाढू लागे. तारेही रोज चार मिनिटे लवकर उगवतात, तेव्हा या आवाजाचा उगम पृथ्वीवर किंवा सूर्यावर असणे शक्य नव्हते. तो आपल्या आकाशगंगेतून येत असल्याचे जान्स्कीने १९३३ साली जाहीर केले. दूरध्वनीच्या दृष्टीने जो अडथळा होता, त्यातून एका नव्या शास्त्राची सुरुवात झाली.

१९४४ साली, जर्मनीने व्यापलेल्या हॉलंडमध्ये, हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट या विद्यार्थ्याने आणखी एक भाकीत केले. हायड्रोजनच्या अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या परिभ्रमणांची परस्पर दिशा बदलली की २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर बाहेर पडते. एका अणूच्या बाबतीत हे सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा घडते. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका विपुल आहे की ही लहर पृथ्वीवर सतत पोचत राहावी. १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्ड येथे युवेन आणि पर्सेल यांनी ती टिपली. वारंवारता होती १४२०.४ मेगाहर्ट्झ. धुळीमुळे साध्या दुर्बिणींना न दिसणारे आकाशगंगेचे फाटे या रेषेच्या साहाय्याने नकाशावर आले.

जिनिव्हा, १९५९

जगाचा वारंवारता तक्ता पुन्हा मांडण्यासाठी १९५९ साली जिनिव्हाला परिषद भरली, तेव्हा तेथे खगोलशास्त्रज्ञांची मागणी पोचली. ती रूढ कल्पनांत बसणारी नव्हती. सेवा म्हणजे संदेश पाठवणे व घेणे. येथे पाठवणारा तर आकाशातील वायू! पण त्यांचा मुख्य युक्तिवाद साधा होता. नभोवाणी केंद्राला एक पट्टा गैरसोयीचा झाला तर दुसरा देता येतो. हायड्रोजनला १४२०.४ मेगाहर्ट्झ सोडून दुसरीकडे जा, असे सांगता येत नाही. ही वारंवारता निसर्गाने ठरवली आहे.

परिषदेने हे मान्य केले. रेडिओ खगोलशास्त्राला सेवा म्हणून स्थान मिळाले आणि १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्यात आला. आजच्या नियमांनुसार या पट्ट्यात कोणतेही प्रक्षेपण करण्यास मनाई आहे. पुढल्याच वर्षी, १९६० मध्ये, तीन आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संस्थांनी मिळून वारंवारतांच्या वाटपाकडे लक्ष ठेवणारी एक समिती नेमली. 'आययूकॅफ' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते.

एवढी काटेकोर मनाई का, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून तो जरूर करून घ्यावा. समजा, चंद्रावर एक वॅट शक्तीचा मोबाइल फोन चालू आहे आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सर्व दिशांना सारखी पसरते आहे. चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर धरले, तर पृथ्वीवर पोचणारी तीव्रता सुमारे २७० जान्स्की येते. जान्स्की हे आमच्या मोजमापाचे एकक : दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०<sup>-२६</sup> वॅट. आम्ही नेहमी ज्या दीर्घिका पाहतो, त्यांची तीव्रता जान्स्कीचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे चंद्रावरचा तो एकटा फोन त्यांच्या लाखो पट प्रखर ठरेल.

१६१२ मेगाहर्ट्झचा तंटा

नियम कागदावर असणे आणि शांतता मिळणे यांत बरेच अंतर आहे. हायड्रॉक्सिल मूलकाची एक रेषा १६१२.२ मेगाहर्ट्झवर असते. वृद्ध तारे आपले बाह्य थर अवकाशात सोडतात, त्यांचा अभ्यास या रेषेवरून होतो. १९८२ साली सोव्हिएत संघाने 'ग्लोनास' या दिशादर्शक उपग्रहमालिकेतील पहिले उपग्रह सोडले. प्रत्येक उपग्रहाला वेगळी वारंवारता दिलेली होती. ही रांग १६०२ मेगाहर्ट्झपासून १६१५ च्या पुढे जाई, म्हणजे थेट हायड्रॉक्सिलच्या रेषेवरून. जमिनीवरच्या प्रक्षेपकाला डोंगराची आड करता येते. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला आड कशाची करणार? जगभरच्या दुर्बिणींना हा उपद्रव होऊ लागला.

येथे दोन्ही बाजूंचा हक्क खरा होता. तो पट्टा दिशादर्शनाला रीतसर दिलेला होता, तर त्यातील १६१०.६ ते १६१३.८ या भागात खगोलशास्त्राचा दर्जा दुय्यम होता. १९९२ साली स्पेनमधील तोरेमोलिनोसच्या परिषदेत तो प्राथमिक करण्यात आला. पण आकाशात फिरत असलेली मालिका नियम बदलल्याने खाली उतरत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे शिक्षा करणारे पोलीस नाहीत. उरला मार्ग वाटाघाटींचा. १९९२ साली संयुक्त प्रयोग झाले. काही काळ उपग्रहांच्या वारंवारता बदलल्या आणि त्याच वेळी निरनिराळ्या देशांतील दुर्बिणींनी उपद्रव किती घटतो ते मोजले. १९९३ साली रशियन प्रशासन आणि आययूकॅफ यांच्यात करार झाला.

तोडगा भूमितीत सापडला. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असलेले दोन उपग्रह जमिनीवरच्या एकाच निरीक्षकाला एकाच वेळी दिसत नाहीत. म्हणून त्या दोघांना एकच वारंवारता देता येते आणि निम्म्या वारंवारतांत काम भागते. अशा रीतीने रांग आखूड करून ती टप्प्याटप्प्याने खाली, १६०५ मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत सरकवण्यात आली आणि नव्या उपग्रहांवर गाळण्या बसवण्यात आल्या. याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. पण दिशादर्शन बंद पडले नाही आणि हायड्रॉक्सिलची रेषाही बरीचशी मोकळी झाली. सुरुवातीला सांगितलेल्या चार मार्गांपैकी वारंवारता, जागा आणि शक्ती हे तीन येथे वापरलेले दिसतील.

रेषा सरकते, हद्द सरकत नाही

१९५९ च्या वाटपात एक उणीव मात्र राहून गेली, आणि ती विश्वाच्या स्वभावातूनच आली आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकांच्या रेषा कमी वारंवारतेकडे सरकतात. १४२० वरून १४०० मेगाहर्ट्झवर येण्यास सेकंदाला सुमारे ४,३०० किलोमीटर वेग पुरतो. एवढ्या वेगाने दूर जाणारी दीर्घिका साधारण २० कोटी प्रकाशवर्षांवर असते. विश्वाच्या मानाने हे शेजारघरच म्हणायचे. त्यापलीकडील हायड्रोजनची लहर राखीव पट्ट्याबाहेर, दुसऱ्यांच्या मालकीच्या वारंवारतांत येऊन पडते.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात महाकाय मीटर लहरी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. दूरचा हायड्रोजन शोधणे हे तिच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होते. त्यासाठी ४५ मीटर व्यासाचे तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरले आहेत. नियम जेथे पुरे पडत नाहीत, तेथे जागेची निवड मदतीला येते. मोठ्या शहरांचा गोंगाट अडवणारे डोंगर हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. पसरलेल्या अँटेनांचाही फायदा होतो. एका अँटेनाजवळची वीजवाहिनीवरील ठिणगी दूरच्या अँटेनाला ऐकू येत नाही, तर दीर्घिकेची लहर सर्वांना ऐकू येते. सर्वांत समान काय ते ठेवायचे आणि बाकीचे वगळायचे.

याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२३ साली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर सापडल्याचे जाहीर झाले. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचे काम केल्यामुळे ती टिपता आली. मुळातली १४२०.४ मेगाहर्ट्झची ही लहर आपल्यापर्यंत पोचली तेव्हा सुमारे ६२० मेगाहर्ट्झची झाली होती. वर्णपटाच्या याच भागातील ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ साली भारतात मोबाइल सेवेच्या लिलावात होता. त्या वेळी त्याला बोली आली नाही. खेड्यापाड्यांपर्यंत मोबाइल पोचवण्यासाठी हा पट्टा सोयीचा आहे, कारण कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोचतात. तेव्हा उद्या तो वापरात आला तर त्यात गैर काहीच नाही. त्या वापराच्या शेजारी ऐकण्याची जागा कशी राखायची, हा प्रश्न आहे.

नव्या उपग्रहमालिकांनी तो आणखी बिकट केला आहे. २०१९ पासून 'स्टारलिंक'चे उपग्रह हजारोंच्या संख्येने सोडले गेले. त्यांच्यातील विद्युतमंडळांतून नकळत झिरपणाऱ्या लहरी युरोपातील 'लोफार' दुर्बिणीला ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हे प्रक्षेपण नव्हे, गळती आहे. प्रक्षेपणांसाठी केलेले नियम तिला कसे लावायचे, हे नव्याने ठरवावे लागेल. रेडिओ शांतता क्षेत्रांना अशा मालिकांपासून संरक्षण कसे द्यावे, हा विषय २०२७ च्या जागतिक परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला आहे.

वर्गात या विषयाची ओळख करून देण्यासाठी एक जुना ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावावी आणि ट्रान्झिस्टर पेटलेली ट्यूब, संगणक, मोबाइलचा चार्जर यांच्याजवळ एकेक करून न्यावा. कशामुळे खरखर वाढते याची नोंद मुलांनी करावी, मग मैदानाच्या टोकाला जाऊन पुन्हा ऐकावे. यांतील कोणतेही उपकरण रेडिओ केंद्र नाही, तरी प्रत्येक जण थोडेफार बोलतोच. जान्स्कीने असाच एकेक आवाज ओळखून बाजूला काढला होता. सगळे वगळल्यावर जे उरले, ते आकाशगंगेचे होते.