संपाच्या आधीचं मत

मुरबाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला निघाला असाल, किंवा शहापूरहून आसनगावची लोकल गाठायला धावत असाल, तर इयरफोन कानातच राहू द्या. आजचा विषय आहे संप. पण संपाचा दिवस नव्हे, त्याच्या आधीचे दिवस. संप करायचा की नाही, हे कोण ठरवतं? आणि कसं?

सुरुवात करू विमानाच्या पायलटांपासून. कारण त्यांच्याकडे पगार आहे, वकील आहेत, इंग्रजी आहे. तरीही संपाचं गणित त्यांनाही अवघड गेलंय.

साल 2009. जेट एअरवेजच्या पायलटांनी मुंबईत नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची युनियन काढली. कंपनीनं दोन पायलटांना कामावरून काढलं. युनियननं संपाची नोटीस दिली, आणि प्रकरण कामगार आयुक्तांकडे समेटासाठी गेलं. आता इथे कायद्याची मेख आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात विमानसेवा ही 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' होती. म्हणजे नोटीस दिल्यावर 14 दिवस थांबायचं, समेटाची बोलणी चालू असताना संप करायचा नाही, आणि ती संपल्यावरही 7 दिवस नाही. मग 8 सप्टेंबरला काय झालं? शेकडो पायलट एकदम 'आजारी' पडले! विमानं जमिनीवर, प्रवासी विमानतळावर. चार-पाच दिवसांनी तोडगा निघाला आणि काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं.

ही युक्ती तेव्हा चालली. 2012 मध्ये नाही चालली. एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्डचे लोक मे महिन्यात असेच आजारी पडले. नवीन ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं, यावरून वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयानं आंदोलन बेकायदा ठरवलं. युनियनची मान्यता गेली, शंभरावर पायलट बडतर्फ झाले. 58 दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला, पायलट कामावर परतले.

आता याच्या शेजारी ठेवा ब्रिटन, 2019. ब्रिटिश एअरवेजच्या पायलटांची युनियन आधी मतदान घेते. 93 टक्के मतं संपाच्या बाजूनं पडतात. मग रीतसर नोटीस, आणि 9 व 10 सप्टेंबरला संप. कोणी आजारी पडत नाही. कंपनीला जवळपास सगळी उड्डाणं रद्द करावी लागतात. त्या देशात 1984 च्या कायद्यापासून गुप्त मतदान घेतल्याशिवाय युनियनला संपासाठी कायद्याचं संरक्षणच मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे लंडनचं झालं. आपल्याकडे काय?

तर आपल्याकडे, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यात, एक गोष्ट घडली होती. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हणजे मुरबाडकरांच्या शेजारच्या कल्याण तालुक्यातलं. तिथे उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आले होते. त्यांच्या गावी वेठबिगारी होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं 'लग्नगडी', म्हणजे जवळजवळ गुलाम. त्याच वर्षी 23 मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ करायची नाही. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी काय? 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये.

मतपत्रिका नव्हती. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण विचारणं झालं होतं. सभा झाल्या, निर्णय पाड्यापाड्यावर गेला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मारले गेले. तरी संप फुटला नाही, आणि दर मिळाला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा काळ लिहून ठेवलाय. जरूर वाचा.

यातून काय दिसतं? संपाआधी प्रत्येकाला विचारणं म्हणजे नुसता सोपस्कार नाही. पगार बुडणार, घरात चूल पेटायची पंचाईत होणार, कदाचित नोकरी जाणार. हे माहीत असून 'हो' म्हणणारे किती, याची ती मोजणी असते. मालकालाही तोच आकडा कळतो. ज्याला विचारलेलंच नाही, तो तिसऱ्या दिवशी गेटमधून आत जातो. त्याला दोष कसा देणार?

आता कायदा. 1938 मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारनं औद्योगिक विवादाचं विधेयक आणलं. संपावर बंधनं होती. डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात विरोध केला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, अशी त्यांची मांडणी होती. 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा मोठा संप झाला. कायदा मात्र आला.

पुढे 1971 चा महाराष्ट्राचा कायदा आला, कामगार लोक त्याला 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. तो विमानांना नाही, पण राज्याच्या अखत्यारीतल्या कारखान्यांना लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलं, मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी तिच्या बहुसंख्य सदस्यांचं मत संपाच्या बाजूनं हवं. नाहीतर संप बेकायदा. म्हणजे मतदानाची जी अट पायलटांना नव्हती, ती कारखान्यातल्या कामगारांवर होती!

पण मत कोणाचं, हाही प्रश्न आहेच. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कायद्यानं मान्यता मात्र दुसऱ्याच युनियनला होती. तुम्हाला कोणती युनियन हवी, असं कामगारांना गुप्त मतदानानं विचारलं गेलंच नाही. त्याची किंमत गिरणगावानं मोजली.

आणि आज? 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. सगळ्याच औद्योगिक आस्थापनांत 14 दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. म्हणजे रजेच्या आडून संप करायची वाट आता अरुंद झालीय. संपाच्या आधी मतदान घ्या, असं मात्र ही संहिता सांगत नाही.

मग ते आपण स्वतःच घ्यायचं. चिठ्ठ्या टाका, नाव लिहू नका, सगळ्यांसमोर मोजा. कंत्राटी पोरांनाही विचारा, कारण पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. आकडा कमी आला तर थांबा, त्यात लाज नाही. भरपूर आला, तर कदाचित संप करायची वेळच येणार नाही.

तुमच्या कंपनीत संपाआधी कधी कोणी तुम्हाला विचारलंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.