न्हाणीतला वास आणि दोन इंच पाणी



चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे यायचे होते, म्हणून दोन महिने बंद असलेलं मागचं बाथरूम उघडलं, तर असा भपकारा आला की पदर नाकाला लावावा लागला. "इकडे कोणी हात फिरवलाच नाही वाटतं," असं मी सूनबाईला बोलून गेले. ती काही न बोलता अ‍ॅसिडची बाटली घेऊन आली. मी तिला थांबवलं. अ‍ॅसिड ओतायचं म्हणजे किती जिवांची हिंसा! निदान आधी कारण तरी कळू दे.

हिशेबात चूक सापडत नसली की एकेक रकम तपासत जायची, तसं केलं. कमोडमध्ये पाणी होतं, भांडं स्वच्छ. बेसिनखाली गळती नाही. भिंतीला ओल नाही. शेवटी जमिनीवरची जाळी उचलली. खालची वाटी ठणठणीत कोरडी! आणि वास तिथूनच येत होता. दोन तांबे पाणी ओतलं, खिडकी उघडली. तासाभरात वास गेला.

जाळीखालच्या या भागाला आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला घरगुती शब्द इंग्रजी पुस्तकात जाऊन बसला! त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं. सांडपाणी खाली जातं, पण गटारातला वायू त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. पाणी म्हणजेच कुलूप.

आपल्या आज्यांच्या न्हाणीला हे कुलूप लागत नसे. दगडी फरशी, कोपऱ्यात बंब, आणि मोरीचं पाणी उघड्या पन्हाळीतून परसातल्या केळीला किंवा अळूला. शौचकूप घरापासून लांब. घराखाली बंद नळ नाही, म्हणून त्यातून परत येणारा वासही नाही. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या न्हाण्या आणि झाकलेल्या गटारी होत्या, पण ही पाण्याची युक्ती आली ती फार उशिरा.

लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली संडासाच्या भांड्याखालचा नळ इंग्रजी 'एस'सारखा वाकवून त्याचं पेटंट घेतलं. त्या वाकात पाणी अडून राहिलं आणि वास खालीच थांबला. पण घरातला वास थांबला तरी मैला कुठेतरी जाणारच. तो थेम्स नदीत गेला. १८५८च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं रसायन लावावं लागलं. मग जोसेफ बॅझलजेट यांनी शहराखालून मोठी गटारं बांधली.

तेव्हा वासानेच रोग होतो अशी समजूत होती. १८७१ साली इंग्लंडच्या युवराजांना विषमज्वर झाला, तर दोष ते उतरले होते त्या घराच्या गटारातल्या हवेला दिला गेला. विषमज्वराचा जंतू दिसला तो १८८० साली. हा रोग दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. म्हणजे आधी दोष ठरवायचा आणि कारण मागून शोधायचं, ही खोड फक्त माझीच नाही.

कारण खरी गंमत पुढेच आहे. सूनबाई ते बाथरूम दर आठवड्याला झाडत, पुसत होती, तेही कोरड्या फडक्याने. ओल राहिली की जीव उत्पन्न होतात, म्हणून न्हाणी कोरडी ठेवायची, हे मीच तिला शिकवलं होतं. तिने माझं ऐकलं, आणि चंद्रपूरच्या उन्हाने वाटीतलं पाणी आटवलं. आळस नव्हताच, आज्ञापालन होतं!

तत्त्वार्थसूत्रातली पाचवी समिती उत्सर्ग समिती. मलमूत्र टाकायचं ते निर्जंतुक जागा नीट पाहून. साधू-साध्वी ती पाळतात. आपण गृहस्थ फ्लश ओढतो आणि पाठ फिरवतो. पाणी गाळून त्याची जिवाणी विहिरीत परत पोचवणारी आपली परंपरा. मग वापरून झालेलं पाणी कुठे जातं, तेही आपण बघायला नको का?

आता आमचा नियम असा. न वापरातल्या न्हाणीच्या जाळीत दर आठवड्याला एक तांबा पाणी, आणि वर सपाट झाकण. पाण्यावर तेलाचा थर द्या असंही सांगतात, पण त्याखाली जीव गुदमरतात, म्हणून मी देत नाही. पाणी घालूनही वास राहिला तर प्लंबरला बोलवा, नळ फुटलेला असू शकतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसण्याआधी सूनबाईला म्हटलं, "माझं चुकलं गं." ती हसली आणि म्हणाली, "आई, तांबा मी भरून ठेवलाय."