संयुक्त ‘मानापमान’ : एक स्मरण

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ८ जुलै १९२१ हा दिवस चिरस्मरणीय होय. त्या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरात नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या, तर ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत उभे राहिले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास द्यावयाचे होते.

हे नाटक १९११ साली प्रथम रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. दोन्ही मंडळ्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी. बालगंधर्वांचे गाणे मधुर व लडिवाळ, केशवरावांचे उंच पट्टीचे व तडफदार. त्यामुळे रसिकांतही दोन तट. एक नट ब्राह्मण, दुसरा मराठा. तथापि देशकार्यासाठी दोघांनी आपापला मान बाजूस ठेवला व ‘मानापमान’ उभे केले. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या ३१ व्या वर्षी निवर्तले.

ज्ञातिसंस्थेच्या अंकात परज्ञातीयांचे हे स्मरण कशास, असे कोणी विचारील. स्वज्ञातीचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु जो अभिमान दुसऱ्याच्या गुणांकडे डोळेझाक करावयास लावतो, तो अभिमान नव्हे, कोतेपणा होय. आपल्या वार्षिक संमेलनात नाट्यप्रवेश होतात. यापुढे त्यांत शेजारच्या इतर ज्ञातींतील होतकरू मुलामुलींसही सन्मानाने बोलवावे, अशी ज्ञातिबांधवांस आमची नम्र सूचना आहे.