घरखर्चाच्या हिशेबाची मजुरी

आपण महिन्याला किती ज्वारी दळतो, तेल किती आणतो, विडीकाडीवर काय घालवतो, ही माहिती परक्याला सांगितल्याबद्दल पैसे मिळावेत, असे आपल्या आजोबांना सांगितले असते तर ते हसले असते. परंतु या माहितीला मोल आहे, आणि त्याचा इतिहास अकोल्याच्या मजूरवस्तीतूनही गेला आहे.

मुंबईच्या मजुरांचे घरखर्च 1921-22 मध्ये सरकारने प्रथम पद्धतशीर तपासले. वऱ्हाडावर ही पाळी आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईत. जी. आय. पी. रेल्वेच्या कामगारांच्या महागाईभत्त्याचा वाद 1940 साली न्या. बी. एन. राव यांच्या चौकशी न्यायालयापुढे गेला. भत्ता द्यायचा तर महागाई मोजली पाहिजे, आणि ती मोजायची तर मजूर खातो काय हे कळले पाहिजे! यातून एस. आर. देशपांडे यांच्या देखरेखीखाली देशभर कौटुंबिक खर्चाच्या पाहण्या झाल्या. अकोला हे त्यांतील एक केंद्र होते, आणि 1944 हे वर्ष पायाभूत धरून अकोल्याचा स्वतंत्र निर्देशांक निघू लागला.

या कामाची मेख अशी, की धान्याला खर्चात जितका वाटा द्यावा, तितकी ज्वारी महागताच आकडा वर जातो. कापडाचा वाटा चुकून वाढवला, तर ज्वारी कडाडली तरी भत्ता जागचा हलत नाही. म्हणजे दारात बसून लिहून घेतलेल्या उत्तरावर पुढे हजारोंची मिळकत ठरणार. कर्ज व दारू यांचे आकडे मात्र कोणी सरळ सांगत नाही. हे अशा सर्वच पाहण्यांचे जुने दुखणे आहे. शिवाय वऱ्हाडातील जीन-प्रेसचे काम हंगामी. कापसाच्या दिवसांतला महिना धरावा की पावसाळ्यातला रिकामा? गिरणीचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

एवढी मोलाची माहिती देणाऱ्याच्या हाती काय पडले? लिहून घेणाऱ्याला पगार होता. सांगणाऱ्याचा वेळ फुकट. इंग्लंडमध्ये 1957 साली कुटुंबखर्चाची कायम पाहणी सुरू झाली, तेव्हा खर्चाची वही ठेवणाऱ्या प्रत्येक प्रौढास एक पौंड देण्यात येई. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने 1950 पासून विनामोबदलाच माहिती घेतली. पैसे घेणारा खूश करणारे उत्तर देईल ही भीती खोटी नाही. तथापि दिवसभर राबून आलेल्या माणसाला तासभर प्रश्न विचारणे हेही काही फुकटचे काम नव्हे, असे माझे मत आहे.

बाजारातील कंपन्यांनी हे लवकर ओळखले. साबण-चहाची खरेदी नोंदवून ठेवणाऱ्या गृहिणीला त्या भेटवस्तू देतात, कोणी रोख देतात. तेवढाच घरखर्चाला हातभार. परंतु तेथे आकडा कंपनीचा होतो, आणि त्यावर कोणाचा भत्ता वाढत नाही. अकोल्याच्या मजुराला रोख काहीच मिळाले नाही, पण त्याच्या उत्तरांवर उभा राहिलेला आकडा पगाराच्या वाटाघाटीत त्याच्याच नावाने मांडता येत होता. पुढे 1958-59 च्या पाहणीवरून 1960 पायाभूत धरलेली नवी मालिका आली. तिच्या पन्नास केंद्रांत महाराष्ट्रातून मुंबई, सोलापूर व नागपूर राहिली, अकोला वगळले गेले.