कबुली, विवाह आणि वास्तव्याचा हक्क : अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकन नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना आपले पूर्वीचे प्रवेश, मुक्काम आणि वापरलेली नावे यांची माहिती शपथपूर्वक द्यावी लागते. पूर्वी नियमभंग झाला असल्यास तो सांगावा की लपवावा, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत नीतिमत्तेचा वाटतो. तथापि, खरे बोलणाऱ्यास कायदा काय देऊ करतो यावरही प्रामाणिकपणाची किंमत ठरत असते. चिनी स्थलांतरितांसाठी १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘कबुली कार्यक्रमा’च्या आधारे या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘कागदी पुत्रां’चा उदय

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी केली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक अशा मोजक्या वर्गांना आणि नागरिकांच्या मुलांना मात्र प्रवेश मिळू शकत होता. १९०६ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को येथील जन्मनोंदी नष्ट झाल्या आणि आपला जन्म अमेरिकेतच झाल्याचा दावा करणे अनेकांना शक्य झाले. असा नागरिक चीनला जाऊन आला की तेथे पुत्र झाल्याची नोंद करी आणि पुढे ती जागा दुसऱ्याच कुटुंबातील मुलास विकली जाई. कागदोपत्री पुत्र ठरलेले हे लोक ‘कागदी पुत्र’ म्हणून ओळखले गेले. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंड येथील केंद्रात अधिकारी त्यांना गावातील विहीर, घरांची रचना, शेजाऱ्यांची नावे असे बारीकसारीक प्रश्न विचारीत. उमेदवार त्यांची उत्तरे आधीच पाठ करून येत.

या असत्यामागे लोभापेक्षा कायद्याने निर्माण केलेली कोंडी अधिक होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

विवाहाने वाढलेला पेच

१९२४ च्या कायद्यामुळे अमेरिकन नागरिकांच्या चिनी पत्नींनाही प्रवेश नाकारला गेला. १९३० मध्ये, १९२४ पूर्वी विवाह झालेल्या पत्नींपुरती सवलत मिळाली. १९४३ मध्ये प्रवेशबंदी रद्द झाली, परंतु चिनी लोकांसाठी वर्षाला अवघ्या १०५ जागांचा कोटा ठेवण्यात आला. १९४६ मध्ये नागरिकांच्या चिनी पत्नींना या कोट्यातून वगळण्यात आले आणि दीर्घकाळ दुरावलेली कुटुंबे एकत्र येऊ लागली.

मात्र कागदी पुत्राने पत्नीसाठी अर्ज करताच त्याचे उसने नाव आणि खोटे नागरिकत्व हाच तिच्या हक्काचा पाया ठरे. तिच्या कागदपत्रांत काल्पनिक सासरा येई, मुलांना परके आडनाव लागे. पतीने सत्य सांगितले तर पत्नीचा दर्जा धोक्यात येई आणि न सांगितले तर तीही त्या असत्यात सहभागी होई.

कबुली कार्यक्रम व त्याची मर्यादा

डिसेंबर १९५५ मध्ये हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीने चिनी अर्जदारांच्या व्यापक बनावटगिरीविषयी अहवाल पाठविला. पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी संस्थांची कागदपत्रे न्यायालयीन चौकशीसाठी मागविण्यात आली. याच पार्श्वभूमीवर स्थलांतर खात्याने कबुलीचा मार्ग पुढे केला. खोट्या आधारावर मिळालेले नागरिकत्व सोडावे, खरे नाव व कुटुंब सांगावे आणि पात्र असल्यास वास्तव्य नियमित करून घ्यावे, असे त्याचे स्वरूप होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा हजारांहून अधिक व्यक्तींनी कबुली दिली.

तथापि ही सर्वसाधारण माफी नव्हती. एकाच्या कबुलीने त्याचे कागदी वडील, भाऊ आणि त्यांची मुले उघडी पडत. डाव्या विचारांच्या संघटनांशी संबंधित व्यक्तींविरुद्ध ही माहिती वापरली गेली. सत्य सांगण्याचा निर्णय एकाचा असे, परिणाम मात्र संपूर्ण कुटुंबाला भोगावे लागत.

११ सप्टेंबर १९५७ च्या कायद्याने कबुलीला काही आधार दिला. फसवणुकीने प्रवेश मिळविलेली व्यक्ती अन्यथा प्रवेशास पात्र असेल आणि नागरिकाचा किंवा कायम रहिवाशाचा पती, पत्नी, पालक वा अपत्य असेल, तर तिला हद्दपारीतून सूट मिळू शकत होती. १९६६ च्या ‘आयएनएस विरुद्ध एरिको’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदीचा उदार अर्थ लावला आणि कुटुंब एकत्र राखणे हा तिचा हेतू असल्याचे मानले.

नंतरची वाटचाल

पुढे कायद्याचा कल कठोरतेकडे झुकला. १९८६ मध्ये, दोन वर्षे पूर्ण न झालेल्या विवाहावर आधारित वास्तव्य दोन वर्षांसाठी सशर्त करण्यात आले. १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांहून अधिक बेकायदा मुक्कामानंतर देश सोडणाऱ्यास तीन वर्षे आणि वर्षभर वा अधिक मुक्कामानंतर देश सोडणाऱ्यास दहा वर्षे पुनःप्रवेशबंदी घातली. फसवणुकीच्या माफीसाठी नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदारास वा पालकास होणारा असह्य त्रास सिद्ध करणे आवश्यक झाले.

तरीही नियमभंग आणि असत्य यांतील भेद टिकून राहिला. तपासणी होऊन रीतसर प्रवेश केलेल्या, परंतु मुदतीपेक्षा अधिक काळ राहिलेल्या नागरिकाच्या जोडीदारास देशातच अर्ज करता येतो. याउलट, ३० सप्टेंबर १९९६ पासून केलेला अमेरिकन नागरिकत्वाचा खोटा दावा कायम वास्तव्याची वाट सामान्यतः कायमची बंद करतो. २०१३ मध्ये सुरू झालेली पूर्वमाफीची सोयही केवळ बेकायदा मुक्कामापुरती आहे. फसवणूक झाली असल्यास ती लागू होत नाही.

निष्कर्ष

मुदतीबाहेरचा मुक्काम अनेकदा क्षम्य ठरतो, पण तो लपविण्यासाठी केलेले विधान स्वतंत्र आणि अधिक गंभीर दोष बनते. म्हणून अर्जदाराच्या दृष्टीने सत्यकथन हे नैतिक कर्तव्य आहेच, शिवाय बहुधा तोच अधिक सुरक्षित मार्गही आहे. परंतु कागदी पुत्रांचा इतिहास राज्यसंस्थेलाही तितकाच लागू होतो. कबुली मागणाऱ्या राज्याने कबुली देणाऱ्यास परतीची वाट ठेवली नाही, आणि एकाच्या सत्याची शिक्षा त्याच्या आप्तांना दिली, तर ते राज्य असत्यालाच आश्रय देते. १९५७ च्या तरतुदीचे महत्त्व यातच आहे. फसवणूक झाली हे मान्य करूनही तिने कुटुंबाला एकत्र राहण्याची संधी दिली.