सोलापूरचे डॉ. कोटणीस वुहानला पोहोचले, त्याआधी तिथल्या आकाशात काय घडलं होतं?

वुहान म्हटलं की आपल्याला कोरोना आठवतो. पण ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी हे नाव जगभरच्या पेपरांमध्ये वेगळ्याच कारणाने झळकत होतं. या शहराच्या डोक्यावर चीन आणि जपानची फायटर विमानं एकमेकांवर तुटून पडत होती. त्याच वर्षी महाराष्ट्रातले दोन डॉक्टर या शहरात उतरले. एक सोलापूरचे, दुसरे नागपूरचे.

गोष्ट आहे १९३८ सालची.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. डिसेंबरमध्ये राजधानी नानजिंग पडली. सरकारची बरीचशी कार्यालयं आणि लष्कराचं मुख्यालय वुहानला हललं. वुहान म्हणजे खरं तर यांगत्से आणि हान नद्यांच्या संगमावरची तीन गावं : वुचांग, हानकौ आणि हानयांग. नानजिंग परिसरातले विमानतळ हाती आल्यामुळे जपानी फायटर आता इथपर्यंत पोहोचू शकत होते. त्यामुळे बॉम्बर एकटे येईनात, सोबतीला फायटर घेऊन यायला लागले.

चीनकडे स्वतः विमानं बनवायची ताकद नव्हती. आधी अमेरिका, इटली अशी कुठून कुठून घेतलेली विमानं पहिल्या काही महिन्यांतच संपत आली. मदतीला धावला सोव्हिएत संघ. ऑगस्ट १९३७ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि आय-१५, आय-१६ ही फायटर विमानं यायला लागली. सोबत सोव्हिएत पायलटही आले, कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हणून. आय-१५ दुहेरी पंखांचं, वेगाला कमी पण चटकन वळणारं. आय-१६ एका पंखाचं, वेगवान. समोर होतं जपानी नौदलाचं मित्सुबिशी ए-५-एम. पुढे गाजलेल्या ‘झिरो’ विमानाचा हा थोरला भाऊ.

पहिली मोठी चकमक १८ फेब्रुवारीला झाली. चिनी पायलटांनी जपानी विमानं पाडली, पण त्यांचा कमांडर ली ग्वीदान त्यात मारला गेला. लोकांच्या लक्षात मात्र दुसरी लढाई जास्त राहिली.

२९ एप्रिल म्हणजे जपानचे सम्राट हिरोहितो यांचा वाढदिवस. त्या दिवशी जपानी काहीतरी मोठं करणार, हा अंदाज चिनी आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बांधलाच होता. आदल्या दिवशी विमानं शहर सोडून गेल्याचा देखावा केला आणि मग ती गुपचूप परत आणली, असं या लढाईच्या आठवणींत सांगतात. दुसऱ्या दिवशी बॉम्बर आणि फायटर मिळून चाळीसच्या आसपास जपानी विमानं आली, तेव्हा समोर साठहून जास्त फायटर तयार होते. अर्ध्या तासाच्या या लढाईत जपानची २१ विमानं पाडल्याचं चीनने जाहीर केलं. जपानचा दावा त्याहून मोठा, आणि स्वतःचं नुकसान मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. हवाई युद्धात हे नेहमीचंच. एकाच विमानावर चौघे गोळ्या झाडतात आणि चौघेही ते आपल्या नावावर लिहितात. त्यामुळे २१ हा आकडा जसाच्या तसा फॉरवर्ड करण्यात अर्थ नाही.

याच लढाईत छेन ह्वाइमिन हा २२ वर्षांचा चिनी पायलट होता. त्याच्या विमानाला जपानी फायटरनी घेरलं, गोळ्या लागल्या. त्याने जखमी विमान थेट एका जपानी विमानावर नेऊन आदळलं. दोघेही गेले. त्या जपानी पायलटचं नाव ताकाहाशी. त्याच्या खिशात बायकोचं पत्र आणि फोटो सापडला.

पुढे जे झालं ते कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं आहे. छेनच्या बहिणीने ताकाहाशीच्या बायकोला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. माझ्या भावाचं तुमच्या नवऱ्याशी वैयक्तिक वैर नव्हतं, असं तिने त्यात मांडलं. सख्खा भाऊ गेलेला, शहरावर बॉम्ब पडतायत, आणि ही मुलगी शत्रूच्या विधवेचं दुःख समजून घेते!

३१ मे रोजी तिसरी लढाई झाली. या वेळी सोव्हिएत पायलट अन्तोन गुबेन्को याने गोळ्या संपल्यावर जपानी विमानाला धडक दिली आणि तो जिवंत परतला.

मग वुहान वाचलं का? नाही. जपानी फौज यांगत्सेच्या काठाने जमिनीवरून सरकतच राहिली.

इथे आपले डॉक्टर येतात. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी पैसे आणि माणसं जमवली. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले : अटल, बसू, मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. महिनाअखेरीस ते हानकौला पोहोचले. एप्रिल-मेचा जल्लोष तोवर विरला होता, उरले होते जखमी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वुहान पडलं. त्याआधीच हे पथक यांगत्सेच्या वरच्या अंगाला, यीचांगकडे आणि मग चोंगचिंगला निघालं होतं.

पुढे कोटणीस उत्तर चीनच्या रणभूमीवर गेले, बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, क्वो चिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा सिनेमा अनेकांना माहीत असतो.

आकाशातल्या लढाईचं पारडं १३ सप्टेंबर १९४० रोजी साफ फिरलं. चोंगचिंगजवळ १३ नव्याकोऱ्या ‘झिरो’ विमानांची गाठ ३४ चिनी विमानांशी पडली. चिनी पायलटांकडे अजूनही तीच आय-१५, आय-१६ होती. एकही ‘झिरो’ पडलं नाही.

हानकौमध्ये आजही एका रस्त्याला छेन ह्वाइमिनचं नाव आहे. शहरातल्या जिएफांग पार्कमध्ये १५ सोव्हिएत पायलटांची समाधी आहे, आणि सोलापुरात कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे.